उसन्या सृष्टीतील ग्रंथकार

जी सृष्टी आपण निर्माण केली नाही, जिच्यातील पात्रांची नावे आपण ठेवली नाहीत आणि जिच्या शेवटावरही आपला अधिकार चालत नाही, अशा सृष्टीत राहून जो ग्रंथ लिहितो, त्याने त्या ग्रंथास ‘माझा’ म्हणावे काय? आणि म्हटलेच, तर चारचौघांत उभे राहून त्याची थोरवी त्याने स्वमुखाने गावी काय? हे दोन प्रश्न वरवर पाहता ग्रंथविक्रीच्या व्यवहारातले दिसतात. परंतु त्यांचे मूळ नीतिविचारात आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच त्यांचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

ज्या ग्रंथप्रकाराविषयी आम्ही बोलत आहोत त्याची ओळख प्रथम करून देणे बरे. पाश्चात्त्य देशांत एखादा वैज्ञानिक चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवरील मालिका लोकांपुढे येण्याच्या सुमारास, कित्येकदा तिच्या आधीच, तिच्या कथानकावरून एक कादंबरी लिहवून घेण्याची चाल आहे. कल्पना, पात्रे, प्रसंग सारे चित्रसंस्थेच्या मालकीचे. लेखक बाहेरून बोलाविलेला. मुदत आधीच ठरलेली. आणि मालकाच्या पसंतीस उतरल्यावाचून हस्तलिखित छापखान्यात जावयाचे नाही. या प्रकारास नाव हवे म्हणून आम्ही त्यास ‘अनुबद्ध कादंबरी’ म्हणतो. आमच्या नव्या मुंबईतील कित्येक घरांतून तरुण मंडळी असली इंग्रजी पुस्तके हौसेने वाचतात, आणि वडील मंडळी त्यांवरील चित्रे पाहूनच ‘हे भाडोत्री लेखन, हे कसले वाङ्मय!’ म्हणून नाक मुरडतात.

या नाक मुरडण्यात निदान एक अविचार आहे. कथा उसनी घेणे हाच जर दोष, तर आमच्या वाङ्मयाचा मोठा भाग सदोष ठरेल. रघुनाथपंडिताने नळ-दमयंतीची कथा रचली नाही. मोरोपंतांनी तर अवघे भारत आर्यांत उतरविले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ज्या शाकुंतलाने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला ते कालिदासाचे, आणि कालिदासाने ती कथा घेतली महाभारतातून. परंतु भेद आहे, आणि तो लहान नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये घालून दुष्यंताची लाज राखली. मूळ भारतात तो शाप नाही. ही फेरफार करताना कालिदासास कोणाची परवानगी मागावी लागली नाही. व्यासांची सृष्टी सर्वांची होती. अनुबद्ध कादंबरीच्या लेखकास मात्र शाप घालावयाचा तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज नामंजूर होण्याचाच संभव अधिक.

दुसऱ्याने आखलेल्या सृष्टीत राहणे म्हणजे काय, हे आम्हां नव्या मुंबईकरांस इतरांहून थोडे अधिक ठाऊक असावे. खाडीपलीकडे नवे नगर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. रस्ते, विभाग, त्यांचे क्रमांक कागदावर आधी उमटले आणि माणसे मागाहून आली. आमच्या घराची भिंत कोठे यावी, खिडकी कोणीकडे उघडावी, हे आम्ही ठरविले नाही. तरी त्या घरास ‘आमचे’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. त्या भिंतींच्या आत दुखणी काढली, मुलांच्या परीक्षा पार पडल्या, छताला ओल आली तेव्हा गवंडी आम्हीच बोलाविला. आखणी ज्याची त्याची असो. तिच्या आत जे घडते त्याचे उत्तरदायित्व जो पत्करतो त्याचेही काही स्वामित्व उत्पन्न होते, एवढे यावरून दिसते. अर्थात या दाखल्यास दुसरी बाजू आहे. आराखडा ज्या कागदावर काढला तो कोरा नव्हता. त्याच्याखाली पंचाण्णव गावे होती, भातखाचरे आणि मिठागरे होती, आगरी आणि कोळी कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन होते. त्या बाजूकडे आम्ही पुढे येऊच.

उत्तरदायित्व हा शब्द आम्ही वापरला, त्याचे उत्तम उदाहरण आयझॅक आसिमॉव्ह यांचे आहे. १९६६ साली ‘फँटास्टिक व्हॉयेज’ नावाचा चित्रपट निघाला. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे; वैद्यांसह एक पाणबुडी सूक्ष्म करून त्याच्या रक्तवाहिनीत सोडतात; साठ मिनिटांनी सारे पुन्हा मूळ आकारास येणार, त्यापूर्वी काम उरकून बाहेर पडावयाचे, असे कथानक. या पटकथेवरून कादंबरी लिहिण्याचे काम आसिमॉव्ह यांच्याकडे आले. पटकथा वाचताच त्यांस दिसले की, शेवटी माणसे बाहेर पडतात, पण पांढऱ्या पेशीने गिळलेली पाणबुडी आतच राहते. गिळली म्हणून तिचे द्रव्य नाहीसे होत नाही. मुदत भरताच ते फुगेल आणि रोग्याचा अंत होईल. चित्रपटाच्या मालकांस ही अडचण वाटली नव्हती. आसिमॉव्ह यांनी मात्र शेवट सुधारण्याची मुभा घेतली, आणि त्यांच्या कादंबरीत ती पेशी पाणबुडीच्या अवशेषांसह माणसांच्या पाठोपाठ डोळ्याच्या वाटेने बाहेर आणली जाते.

प्रेक्षकांपैकी किती जणांच्या ध्यानात ती चूक आली असती? फारच थोड्यांच्या. मोबदल्यात फरक पडणार नव्हता. कथा दुसऱ्याची होती, दोषही दुसऱ्याचा होता, तरी तो आपल्या नावाखाली जाऊ द्यावयाचा नाही एवढा आग्रह त्या माणसाने धरिला. त्या पुस्तकातील ‘माझे’पण आम्हांस येथे सापडते. एक गंमतही सांगावयास हवी: चित्रपट रेंगाळला आणि कादंबरी आधी बाजारात आली, त्यामुळे चित्रपटच कादंबरीवरून काढला असे पुष्कळांस वाटले. स्वतः आसिमॉव्ह यांचे मन मात्र त्या कामावर पूर्ण संतुष्ट नसावे. कारण १९८७ साली त्यांनी तोच सूक्ष्मीकरणाचा विषय घेऊन, पहिल्या कथेशी संबंध न ठेवता, दुसरी कादंबरी लिहिली. एकवीस वर्षे तो विषय त्यांच्या मनात राहिला असला पाहिजे.

याच्या उलट दिशेचे उदाहरण आर्थर क्लार्क यांचे. ‘२००१’ ची कादंबरी आणि चित्रपट ही त्यांनी व क्यूब्रिक यांनी मिळून, एकाच वेळी घडविली. दोन्ही १९६८ ची. कादंबरीत यान शनीपर्यंत जाते, चित्रपटात गुरूपर्यंतच. पुढे १९८२ साली क्लार्क यांनी उत्तरकथा लिहिली तेव्हा स्वतःच्या कादंबरीतील शनी सोडून चित्रपटातील गुरू स्वीकारला. लोकांच्या मनात चित्रपटाचे जग पक्के झाले होते आणि ग्रंथकर्त्याने त्यापुढे मान लवविली. यास कोणी शहाणपण म्हणेल, कोणी शरणागती. आम्हांस ते व्यवहाराचे शहाणपण वाटते, पण मन किंचित उदास करणारे.

असे पुस्तक पुरे करणे हीही एक विलक्षण अवस्था असली पाहिजे. स्वतंत्र ग्रंथ संपला की नाही हे लेखकाचे मन ठरविते. येथे ते चित्रपटाची तारीख ठरविते. अखेरचे वाक्य लिहून झाले तरी ग्रंथ संपलेला नसतो, कारण मालकाकडून अमुक पात्र असे बोलणार नाही, तमुक यानाचा रंग बदलला आहे, अशा सूचना यावयाच्या असतात. ज्यास लेखनाचा थोडा तरी अनुभव आहे त्यास ही परवशता किती बोचत असेल हे सांगावयास नको.

आता मोबदल्याविषयी. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी १९७६ च्या अखेरीस, चित्रपटाच्या आधी काही महिने निघाली. तिच्यावर जॉर्ज लुकास यांचे नाव होते. ती लिहिली होती ॲलन डीन फॉस्टर यांनी. नाव न देण्याचे त्यांनी कबूल केले होते, तेव्हा त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. पण पुढे लुकास यांची चित्रसंस्था २०१२ साली डिस्ने कंपनीने विकत घेतली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने जाहीर तक्रार केली की, फॉस्टर यांस त्यांच्या जुन्या पुस्तकांचे मानधन मिळेनासे झाले असून, आम्ही हक्क विकत घेतले, देणी घेतली नाहीत, अशी नव्या मालकांची भूमिका आहे. या वादात कायद्याने कोण बरोबर याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. परंतु ती भूमिका जशी सांगितली गेली तशी ऐकून कोणाही हिंदू गृहस्थास आश्चर्य वाटावे. आमच्या जुन्या धर्मशास्त्राने पित्याची मालमत्ता घेणाऱ्या पुत्रावर पित्याचे ऋण फेडण्याचे बंधन घातले होते. शेत घेतो आणि सावकार तुमचा तुम्ही पाहा, हे म्हणण्याची सोय ठेवली नव्हती.

येथे त्या पंचाण्णव गावांची आठवण होते. आपल्या जमिनीवर नगर उभे राहणार, तर त्या नगरातील काही वाटा आपणांस हवा, या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणकडील शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ग्रंथकारास मिळणारे शेकडेवारीचे मानधन आणि हा साडेबारा टक्क्यांचा वाटा, दोहोंच्या मुळाशी एकच न्यायबुद्धी आहे: वस्तू एकदा विकली म्हणून तिच्या पुढील भाग्याशी तिच्या मूळ धन्याचा संबंध सर्वस्वी तुटत नाही. प्राण गमावलेल्या शेतकऱ्यांची तुलना पुस्तकाच्या रकमेशी करणे कोणास विषम वाटेल, आणि दुःखाच्या मापाने ती विषम आहेच. आम्ही तुलना करतो ती तत्त्वापुरती.

राहिला प्रश्न जाहिरातीचा. पूर्वी आमचे ग्रंथकार थोरामोठ्यांचे अभिप्राय मिळवून पुस्तकास जोडीत, आणि स्वतः प्रस्तावनेत मी अल्पमती वगैरे लिहीत. आता प्रकाशक लेखकासच पुढे करतो: सभांत बोला, सह्या द्या, मुलाखती द्या. आत्मस्तुतीचा आमच्या संस्कारांस जो तिटकारा आहे तो येथे आडवा येतो. परंतु हा तिटकारा आमच्या परंपरेने एका युक्तीने सांभाळला होता, तिचे विस्मरण झाले आहे. संस्कृत नाटकाच्या आरंभी ‘प्ररोचना’ नावाचे एक अंग असे. तिचे कामच प्रेक्षकांच्या मनात नाटकाविषयी रुची उत्पन्न करण्याचे. ‘रत्नावली’त सूत्रधार श्रीहर्षाचे कविनैपुण्य आणि कथेची गोडी दोन्ही सांगून मोकळा होतो. ‘मालविकाग्निमित्रा’त तर, भास-सौमिल्लांसारखे जुने कवी असता या नव्या कालिदासाचे नाटक कशाला, ही शंकाच प्रथम काढून तिचे उत्तर दिले आहे. शब्द कवीचे, पण ते बोलतो सूत्रधार. स्तुती आणि स्तुत्य यांत एवढे अंतर राखले होते. आजच्या लेखकास सूत्रधार उरला नाही. दोन्ही सोंगे त्यासच घ्यावी लागतात.

तेव्हा आमचे मत असे: आपले पुस्तक आहे, त्यात अमुक आहे, हे लेखकाने निःसंकोच सांगावे, न सांगितले तर वाचकास कळणार कसे? त्यातील कोणता भाग दुसऱ्याचा हेही त्याच श्वासात सांगावे. पुस्तक थोर आहे हे मात्र त्याने म्हणू नये, कारण ते त्यास कळू शकत नाही. अनुबद्ध कादंबरीच्या कर्त्यास तर ते कधीच कळत नाही. सभेस आलेले लोक चित्रपटाच्या प्रेमाने आलेले असतात. प्रती खपल्या त्या त्याच्या शब्दांमुळे की मुखपृष्ठावरील ओळखीच्या चेहऱ्यामुळे, याचा उलगडा होण्यास मार्ग नाही. पैशाच्या हानीपेक्षा ही हानी आम्हांस मोठी वाटते.

वाशीहून हार्बर मार्गाने मुंबईकडे निघाले की वाटेत चुनाभट्टी लागते. तेथे मराठी विज्ञान परिषदेची वास्तू आहे. या परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तीत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर होत. त्या वेळी ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि त्यांचे नाव घरोघर झाले होते. त्या नावामुळे परीक्षकांचा निर्णय झुकू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. मोठे नाव ज्याच्यापाशी आहे तो ते उतरवून ठेवून आपल्या शब्दांची परीक्षा घेऊ शकतो. ज्यास मोठे नाव उसने मिळाले आहे त्यास ही सोय नाही. ते नाव उतरविले तर पुस्तकच उरत नाही.

नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनीही या वाटेने पावले टाकली होती, ही गोष्ट आमच्याकडे फारशी सांगितली जात नाही. ताऱ्यांकडून आलेल्या संदेशावरून यंत्र बांधण्याची कल्पना त्यांची. तिची सात भागांची मालिका ‘ए फॉर अँड्रोमेडा’ १९६१ साली बीबीसीने दाखविली, आणि पुढच्याच वर्षी तिची कादंबरी निघाली. त्या काळी मालिका जपून ठेवण्याची रीत नव्हती. बहुतेक भाग नाहीसे झाले आहेत, सबंध असा एखादाच मागाहून हाती लागला. लाखो लोकांनी जे पाहिले ते गेले, आणि त्याच्या मागून केलेले पुस्तक मात्र अजून वाचावयास मिळते. ग्रंथसूचीत ते हॉइल यांच्या नावाखाली शोधावे. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. दुसरे, पटकथेचे नित्याचे कष्ट ज्यांनी केले त्या जॉन इलियट यांचे.