पडद्यावरचा रस आणि सोबत

भायखळ्याला राणीबागेशेजारी अण्णाभाऊ साठे यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, आणि दूरदर्शनचं केंद्र तिथून फार लांब नाही, वरळीला. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ख्याल, नाट्यसंगीत, 'गजरा' या कार्यक्रमातली प्रहसनं घरात आली. असा घरपोच आलेला रस खरा रस असतो का? रंगभूमी जिवंत आणि पडदा निर्जीव, असं म्हणून अनेक जाणकार हा प्रश्न निकालात काढतात. मला ते पटत नाही, कारण आपल्याच रसविचाराला ते धरून नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताने रस रसिकाच्या प्रतीतीत मानला आणि तिच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक अस्फुटता, म्हणजे दाखवायचं ते स्पष्ट न दिसणं. दुसरं, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुंतलेला असणं. यावर उतारा म्हणून त्याने गाणं-वाजवणं आणि सजवलेला मंडप सांगितला आहे.

ही कसोटी लावली तर कॅमेरा पहिलं विघ्न दूरच करतो. मींड घेताना गायिकेची किंचित उचललेली भुवई बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला कधीच दिसत नाही, पडद्यावर ती हातभर अंतरावर असते. दुसरं विघ्न मात्र परत येतं. कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो, मुलांची फी आठवते. पण हा दोष पडद्याचा की एकटेपणाचा? सुरुवातीच्या वर्षांत गिरणगावातल्या चाळींत ज्याच्याकडे संच, त्याच्या खोलीत शेजारीपाजारी जमायचे. मुलं पुढे फरशीवर, म्हातारी माणसं खाटेवर, उरलेले दारात उभे. पडदा तोच, पण मंडप उभा राहत होता. 'तंत्रालोका'त अभिनवगुप्त म्हणतो की गीतनृत्याच्या सभेत सगळे तन्मय झाले की प्रत्येकाची जाणीव विस्तारते, आणि एखादा जरी अलिप्त राहिला तरी तिला बाधा येते. हे तो साधनेच्या संदर्भात सांगतो, म्हणून मला अधिकच मोलाचं वाटतं. त्याच्या लेखी सोबत हा आनंदाचाच घटक आहे.

किशोरी आमोणकरांचं ध्वनिमुद्रण रात्री एकट्याने ऐकतानाही डोळे भरतात, असा आक्षेप कुणी घेईल. खरंच आहे ते. गाणं हाच मुळी उतारा, त्यामुळे तानपुरा लागला की राग स्वतःपुरता मंडप घालून घेतो. विनोदाला ती सोय नाही. देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' घ्या. अश्विनशेठची तसबीर कृत्तिका निरखून पाहते आणि तिच्या नवऱ्याच्या, फाल्गुनरावाच्या, मनात नको ते येतं. खरा प्रकार सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक, त्या दोघांनाच नाही. हशा पिकतो तो या सामाईक गुपितामुळे. एकट्याने पाहणाऱ्याला विनोद कळतो, तो खुदकन हसतो आणि थांबतो. त्याच नाटकातलं पद मात्र त्याला एकट्यालाही पोहोचतं. ज्याला तिकीट परवडत नाही, जो रात्रपाळीला जातो, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याचं नाट्यगृह पडदाच. त्याच्या वाट्याला कमअस्सल रस येतो असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणूनच दाखवणाऱ्यांची जबाबदारी वाढते. संगीत नाटक रिकाम्या स्टुडिओत न करता भरल्या प्रेक्षागृहात चित्रित करावं. हशा ओसरेपर्यंत नटाला थांबू द्यावं, 'वन्स मोअर' कापू नये, विलंबित ख्यालाच्या मध्येच जाहिरात घुसवू नये. आणि कॅमेरा अधूनमधून रसिकांकडेही वळवावा, म्हणजे घरी बसलेल्याला आपण कुणाबरोबर हसतोय ते दिसेल.