बहिरेपण कोणाचें?

चाळिशी लागली म्हणजे मनुष्य चष्मा घेतो व त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. उलट नाकावरचा चष्मा ही विद्वत्तेची खूण म्हणून मिरविली जाते. परंतु साठी उलटल्यावर कानास यंत्र लावण्याचा प्रसंग आला कीं तोच मनुष्य वर्षानुवर्षें टाळाटाळ करितो, आणि अखेर घेतलेंच तर कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं असें लहानांत लहान यंत्र मागतो. डोळा व कान हीं दोन्ही इंद्रियेंच आणि दोन्ही वयोमानानें थकावयाचीं. मग एकाचें थकणें साधें आणि दुसऱ्याचें लाजिरवाणें कां व्हावें?

आम्हांस वाटतें, ह्याचें एक उत्तर आपल्या भाषेंतच आहे. आपण लक्ष देतों तेव्हां ‘कान देतों’. एखादा ऐकत नसला तर त्यानें ‘कानांत बोळे घातले’ म्हणतों. चहाडीवर विश्वास ठेवणाऱ्यास ‘हलक्या कानाचा’ ठरवितों. भाषेनें कानास जणूं शीलाचा साक्षीदार केलें आहे. त्यामुळें आंधळ्यास पाहून लोकांस करुणा येते, तर बहिऱ्याच्या बोलण्यावर प्रहसनांत हंशा पिकतो. आणि ज्यास ऐकूं येत नाहीं त्याजवर घरांत पहिला आरोप येतो तो बेपर्वाईचा. “त्यांना हवें तेवढें बरोबर ऐकूं येतें,” हें वाक्य ज्या घरांत वडील माणूस कमी ऐकतें त्या घरांत बहुधा एकदां तरी उच्चारलें गेलेलें असतें.

हा आरोप खरा आहे काय, हें आधीं पाहूं. वार्धक्यांत श्रवणशक्ति सर्व बाजूंनीं सारखी घटत नाहीं. बहुधा उंच पट्टीचे ध्वनि प्रथम जातात, खालच्या पट्टीचे पुष्कळ काळ टिकतात. मनुष्याच्या बोलण्यांत आ, ओ, ऊ ह्या स्वरांचें बळ खालच्या पट्टींत असतें. स, श, फ, थ अशा व्यंजनांचा बराच अंश वरच्या पट्टींत असून तो क्षीणही असतो. ‘साठ’ ह्या शब्दांतील आरंभींचा ‘स’ निसटला कीं कानीं येतात ते ‘आठ’! म्हणजे वृद्धास आवाज येतो, पण शब्द येत नाहीं. सकाळीं शांत खोलींत समोर बसून एकानें बोललेलें त्याला कळतें. रात्रीं पंक्तींत, भांड्यांच्या खणखणाटांत, नातवाचें बारीक आवाजांतलें भराभर बोलणें कळत नाहीं. आपण ह्या दोन प्रसंगांची तुलना करितों आणि निष्कर्ष काढितों तो ढोंगाचा. ओरडूनही फारसें साधत नाहीं. कारण ओरडण्यानें मोठे होतात ते मुख्यतः स्वर, जे त्याला आधींच ऐकूं येत होते, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा त्रासिकपणा मात्र त्याला स्पष्ट दिसतो.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील साधा प्रसंग सांगतों. रविवारचें जेवण चाललें होतें. कोणीसा विनोद केला, सर्व हंसले. आजोबा—हे सेवानिवृत्त शिक्षक—तेही हंसले. मग थोड्या वेळानें त्यांनीं शेजारीं बसलेल्या मुलास हळूच विचारलें, “काय झालें रे?” मुलगा म्हणाला, “कांहीं विशेष नाहीं, बाबा.” ते “बरें” म्हणाले आणि त्यांनीं दृष्टि ताटाकडे वळविली. येथें कोणीही कोणास दुखविलें नाहीं; मुलगा तर अत्यंत मातृपितृभक्त. तरीही ह्या तीन शब्दांनीं एक मनुष्य पंक्तींत बसलेला असतांनाच पंक्तीबाहेर गेला. असें दहा वेळां झालें म्हणजे तो विचारणें सोडतो, आणि मग घरचीं माणसें म्हणूं लागतात, “बाबा हल्लीं अबोल झाले आहेत.”

आतां प्रश्न असा, कीं येथें चुकलें कोण? ज्यानें कानास यंत्र लाविलें नाहीं तो, कीं ज्यानें विनोद पुन्हां सांगितला नाहीं तो? हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील १५० कोटींहून अधिक लोकांस, म्हणजे सुमारें दर पांच माणसांत एकास, कमीअधिक प्रमाणांत कमी ऐकूं येतें.

एक पक्ष म्हणेल, दोष न ऐकणाऱ्याचा. इंग्लंडांतील लेखिका हॅरिएट मार्टिनो ही तरुणपणींच बहिरी झाली. तिनें १८३४ सालीं बहिऱ्यांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. त्यांत स्वतःच्या व्यंगाविषयींची खोटी लाज टाकण्याचा उपदेश आहे. ती स्वतः कानास कर्णा लावून चारचौघांत वावरत असे. तिच्या दृष्टीनें व्यंग लपविणें म्हणजे त्याचा भार मुकाट्यानें दुसऱ्यांवर टाकणें होय. दुसरा पक्ष बेथोवेनचें उदाहरण पुढें करील. १८०२ सालीं भावांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें कबूल केलें, कीं ‘मोठ्यानें बोला, मला ऐकूं येत नाहीं’ असें लोकांस सांगणें त्याला अशक्य होतें आणि म्हणून तो माणसांतून दूर झाला. जगानें मात्र त्याला माणूसघाणा ठरविलें. ज्याचें सर्वस्व कान, त्यानेंच कान गेल्याचें कसें सांगावें? पुढें १८१८ पासून त्याला भेटावयास येणारे लोक आपलें म्हणणें वहींत लिहून दाखवूं लागले. त्या वह्या पाहिल्या म्हणजे वाटतें, कीं त्याचें बहिरेपण थोडेंसें त्या मित्रांनींही वांटून घेतलें होतें.

आमच्या मतें दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि कर्तव्याची वांटणी अशी करतां येईल: ऐकूं येत नाहीं हें सांगणें हें एकाचें कर्तव्य, आणि पुन्हां सांगणें हें दुसऱ्याचें. यंत्र ह्या दोहोंच्या मध्यें येतें. तें दोहोंस साह्य करितें, पण दोहोंपैकीं कोणाचीही सुटका करीत नाहीं.

हें ध्यानांत न घेतल्यामुळेंच यंत्राची निवड बहुधा उलट्या टोंकाकडून होते. परगांवीं किंवा परदेशीं असलेला मुलगा प्रेमानें भारी किंमतीचें यंत्र घेऊन देतो, आणि चार दिवसांत तें कपाटाच्या खणांत जाऊन पडतें. मुलगा म्हणतो, बाबा हट्टी आहेत. पण ‘बाबा, तुम्हांला काय ऐकावयाचें आहे?’ हें त्यांना कोणीं विचारलेलेंच नसतें! एकास कीर्तन ऐकावयाचें असतें, एकास दूरच्या मुलीचा टेलिफोन, तर एकास केवळ जेवतांना चाललेल्या गप्पा. ह्या उत्तरावरून यंत्राचा प्रकार ठरावा. ज्याच्या बोटांस कंप आहे त्याला कानाच्या आंत बसणारें इवलेंसें यंत्र देणें म्हणजे लाज राखून उपयोग घालविणें होय. त्याला कानामागें बसणारें, हातांत नीट धरतां येणारें, शक्य तर विजेवर पुन्हां भारतां येणारें यंत्र बरें. दोन्ही कान उणे असतील तर बहुधा दोन यंत्रें लागतात, कारण आवाज कोणत्या दिशेनें आला हें दोन कानांच्या तुलनेनेंच कळतें. कोंकणच्या पावसाळ्यांत तर रात्रीं यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबींत ठेवण्याची दक्षताही हवी.

तें कोठें बसवून घ्यावें, हा प्रश्न वरवर बाजारी दिसला तरी त्याच्या मुळाशीं नीतीचाच प्रश्न आहे. जो कान तपासतो तोच यंत्र विकतो, आणि महाग यंत्रांत ज्याचा लाभ अधिक, त्याच्या सल्ल्याचें मोल किती धरावें? सर्व विक्रेते लबाड असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण न्यायाधीश आणि पक्षकार एकच असूं नये, हा नियम प्रामाणिक माणसांसही लागू आहे. म्हणून प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावें. कधीं कधीं दोष कानांतल्या मळाचाच निघतो. आणि एक-दोन दिवसांत अकस्मात् ऐकूं येईनासें झालें, एकच कान गेला, कानांतून पू आला किंवा भोंवळ येऊं लागली, तर तें दुकानाचें काम नव्हे, डॉक्टरचें आहे. अकस्मात् आलेल्या बहिरेपणांत तर एक दिवसही दवडूं नये.

त्यानंतर ज्यास ऑडिऑलॉजिस्ट म्हणतात त्या श्रवणतज्ज्ञाकडे जावें. १९९२ च्या कायद्यान्वयें ह्या व्यवसायाच्या लोकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती आहे कीं नाहीं हें विचारण्यांत संकोच नसावा. मुंबईंत वांद्रें येथें १९८३ पासून अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयांत ह्या शास्त्राचें शिक्षण दिलें जातें, आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्था तर सुप्रसिद्धच आहे. अशा ठिकाणीं एकदां तपासून घेतलें म्हणजे पुढें कोठेंही यंत्र घेतलें तरी हातांत स्वतंत्र पुरावा असतो. तपासणीचा आलेख आपणांस मिळालाच पाहिजे. यंत्र बसवितांना कानांत बारीक नळी घालून, पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोंचतो हें मोजतां येतें. तसें मोजतात काय, हें विचारावें. यंत्राची किंमत किती आणि पुढील सेवेची किती, न जमल्यास परत घेण्याची अट काय, हें लेखी मागावें. आणि ठिकाण घराजवळ असावें, कारण एका भेटींत हें काम होत नाहीं. नीट जुळविलेलें मध्यम यंत्र हें कसेंतरी लाविलेल्या उंची यंत्राहून श्रेष्ठ होय.

भीति दाखवून विकणाऱ्यापासूनही सावध असावें. ‘यंत्र घेतलें नाहीं तर स्मृतिभ्रंश होईल’ असें सांगणारे हल्लीं भेटतात. बहिरेपण व स्मृतिभ्रंश ह्यांचा संबंध संशोधकांनीं दाखविला आहे हें खरें. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत, ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ लोकांस तीन वर्षें पाहिल्यावर, सर्वांचा एकत्र विचार करतां बौद्धिक घसरणींत फरक आढळला नाहीं; ज्यांना धोका आधींच अधिक होता त्यांच्यांत मात्र ती घसरण सुमारें निम्म्यानें मंदावली. एवढ्या सत्यावर आशा धरणें योग्य. धाक घालणें योग्य नव्हे. पंक्तींतला विनोद कळावा, एवढें कारण यंत्रास पुरेसें आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. “आतां ह्या वयांत माझ्यासाठीं एवढा खर्च कशाला?” असें वडील म्हणतात. आम्हांस वाटतें, हें विधान नसतें, हा प्रश्न असतो. आपण अजून ह्या घरांत मोजले जातों काय, असा तो प्रश्न. त्याला ‘खरेंच, कशाला!’ असें उत्तर देणें क्रूरपणाचें आहे, आणि न विचारतां सर्वांत महाग वस्तु आणून देणें हेंही उत्तर नव्हे. इंग्लंडनें १९४८ सालीं सरकारी आरोग्यसेवेंतून श्रवणयंत्रें विनामूल्य देण्यास आरंभ केला; आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेंत गरीब वृद्धांस द्यावयाच्या साधनांत श्रवणयंत्र आहे. म्हणजे म्हाताऱ्याचें ऐकणें ही चैन नव्हे, हें तत्त्व राज्यकर्त्यांनीं मान्य केलें आहे. घरानें तें मान्य करण्यास हरकत नसावी.

तरीही यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. आरंभीं भांड्यांचा आवाज कर्कश वाटतो, स्वतःचा आवाज परका वाटतो. मेंदूस संवय व्हावयास कांहीं आठवडे लागतात. कोणी तें कांहीं वेळ काढून ठेवील, तर तें त्याचें स्वातंत्र्य समजावें; आपणही कंटाळलों म्हणजे डोळे मिटतोंच. आणि उत्तम यंत्र लावूनही गर्दींत एखादा शब्द निसटणारच. तेव्हां आजोबा पुन्हां विचारतील, “काय झालें रे?” त्या वेळीं त्यांच्याकडे तोंड करून विनोद सावकाश पुन्हां सांगावा. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद पहिल्याइतका रंगत नाहीं हें खरें. परंतु ज्याच्यासाठीं तो पुन्हां सांगितला, त्याला तो पहिल्यांदाच ऐकावयास मिळालेला असतो.