सुवर्ण, किरण आणि सत्य

परवा सायंकाळी आमच्या शेजारच्या काकू रुमालात बांधलेल्या चार बांगड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, म्हणून विचारते. सोन्याने कर्करोगावर किरणांचा गुण अधिक येतो म्हणतात. ह्या मोडल्या तर तुझ्या काकांना ते औषध मिळेल का रे?" काकांचे किरणोपचार चालू आहेत. 'मिळेल' म्हणणे त्या क्षणी फार सोपे होते. दुःखितास आशा द्यावी की सत्य सांगावे, हा प्रश्न तेव्हा आमच्यापुढे उभा राहिला.

काकूंनी ऐकिलेली वार्ता निराधार नव्हती. सोन्याचा अणुक्रमांक ७९. असा जड अणू क्ष-किरण अधिक शोषून घेतो व इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. ते फार दूर जात नाहीत. जवळच्याच पेशींचा नाश करितात. २००४ साली अमेरिकेतील हाइनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तात १.९ नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण सोडून क्ष-किरण दिले. वर्षानंतर त्यांपैकी शेकडा ८६ उंदीर जिवंत होते. नुसत्या किरणांनी शेकडा २० वाचले. नुसत्या सोन्याने एकही नाही.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. त्या प्रयोगातील किरण सौम्य शक्तीचे होते. देहात खोलवर असलेल्या अर्बुदासाठी रुग्णालयात जे प्रखर किरण वापरितात, त्यांत सोन्याचा हा गुण बराच उणा पडतो. शिवाय मोठे कण यकृतात व प्लीहेत साचून राहतात. म्हणून हे सोने रोजच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. बांगडीचे सोने तर त्या कामी मुळीच येत नाही.

कोणी म्हणेल, खोट्या आशेनेही मनास बळ येते. मग ती का देऊ नये? आमचे उत्तर असे की, त्या आशेचे मोल बोलणारा देत नाही, ऐकणारा देतो. आम्ही 'मिळेल' म्हटले असते, तर काकूंचे अश्रू पाहण्यातून आमची सुटका झाली असती. पण तिची किंमत काकूंच्या बांगड्यांनी भरली असती. आणि त्या औषधाची वाट पाहत काकांचे चालू उपचार थांबते, तर तो दोष कोणाच्या माथी? अशा बोलण्यास दया म्हणता येत नाही. ते आपल्याच मनाचे लाड होत.

तथापि कोरडे 'नाही' हेही पूर्ण सत्य नव्हे. जे औषध नाही ते सांगताना, जे आहे तेही सांगितले पाहिजे. आम्ही म्हणालो, "काकू, ते सोने अजून माणसांपर्यंत पोहोचलेले नाही. पण काकांना जे किरण देतात, तो खरा उपचार आहे. त्याची एकही पाळी चुकवू नका. उद्या आम्ही सोबत येतो."

काकूंनी रुमालाची गाठ पुन्हा बांधिली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आम्हांस ते पाहावे लागले. सत्य सांगणाऱ्याने एवढे तरी सोसलेच पाहिजे.