अभ्यासक्रमाबाहेरचे गुरू

धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०२२-२३ मध्ये, शंभर जागांचं. तिथं शिरलेल्या मुलामुलींना नातेवाईक पहिल्याच सुट्टीत विचारतात, 'पीजी कशात करायचं?' मग दुसऱ्या वर्षापासून नीट-पीजीचे क्लास सुरू होतात आणि नाटक, वाचन, भटकंती हे सगळं 'नंतर बघू' म्हणून मागं पडतं.

छंदांची बाजू घेणारेही बहुधा एवढंच सांगतात की त्यानं ताण हलका होतो. मला हे समर्थन फार तोकडं वाटतं. डॉक्टर होणारं पोर अठराव्या वर्षापासून डॉक्टरांच्याच गराड्यात वाढतं. पुढं आयुष्यभर माणसं त्याच्यासमोर हात जोडून बसतात. ज्याला औषधातलं काही कळत नाही, अशा माणसाकडून खालमानेनं शिकण्याची सवय त्याला लागणार कुठं? नाटकाच्या तालमीत लागते. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं तेव्हा जब्बार पटेल दिग्दर्शक होते आणि आगाशे नाना फडणवीस. तिथं शब्द तेंडुलकरांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नाच बसवणारे कृष्णदेव मुळगुंद. पायाचा ठेका चुकला तर वैद्यकीची पदवी काय कामाची?

पण धाराशिवच्या मुलांनी पुण्याकडंच बघायला हवं असं नाही. तुळजापूर तालुक्यातलं अणदूर जवळच आहे. औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या मित्रांनी 'हॅलो' नावाचा गट काढला होता. आरोग्याचा अभ्यास आपला आपण, एकमेकांच्या साथीनं करायचा, ही त्यामागची कल्पना. गुण नाहीत, हजेरी नाही. त्याच गटातून पुढं अणदूरचं हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं राहिलं. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना तिथं आरोग्याचं प्रशिक्षण मिळालं आणि त्यांना नाव दिलं गेलं 'भारतवैद्य'. कुणाची सून उपाशी राहते, कोणत्या घरातली माणसं ऊसतोडीला गेली आणि म्हातारी एकटी मागं राहिली, हे त्या बाईला ठाऊक असतं. केस पेपरवर ते येत नाही.

आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानं प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. कल्पना उत्तम आहे. मला भीती आहे ती लॉगबुकची. वजन-रक्तदाब लिहिला, सही घेतली, बस सुटली, एवढ्यावर भेट संपली तर गाव हाही एक पेपरच होऊन बसेल. ती बस उशिरा सुटू द्यावी. जिल्ह्यातल्याच तेर गावी गेलेल्या मुलांनी लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती बघाव्यात, गोरोबाकाकांच्या देवळात टेकावं, पारावर कुणाच्या सोयाबीनला काय भाव आला ते ऐकावं. दुष्काळाच्या वर्षी शेतकरी औषधाची चिठ्ठी खिशात घालून तसाच घरी का जातो, हे त्या गप्पांतून कळू लागतं.

आणि महाविद्यालयानं एक करावं. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, तिचे गुण धरू नयेत, आणि पहिल्याच संध्याकाळी अणदूरच्या भारतवैद्य बायकांना व्याख्यानगृहात बोलवावं, पाहुण्या म्हणून नव्हे, शिकवायला.