योसेफाची कोठारे

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४७:१३-२६



उपासना संपल्यावर मंडळी मंदिराच्या ओसरीवर रेंगाळतात, तेव्हा देशाचा विषय निघतोच. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "हा देश एखाद्या चांगल्या कंपनीसारखा चालवला पाहिजे. कामचुकारांना घरी पाठवा, तोट्याची खाती बंद करा, जमाखर्च चोख ठेवा." माना डोलतात. बोलणाऱ्याची तळमळ खोटी नसते. दप्तरदिरंगाईने आणि लाचलुचपतीने गांजलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? शिवाय चोख हिशेबाला शास्त्राचा विरोध नाही. नीतिसूत्रांच्या ग्रंथात खोट्या तागडीचा कडक निषेधच आहे.

तथापि आपल्या देशाने हा प्रयोग एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार मिळाला. भागधारकांना लाभांश वाटणारी एक व्यापारी संस्था कोट्यवधी प्रजेची धनी झाली. पाचच वर्षांनी, १७७० मध्ये, बंगालात भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाप्रमाणे प्रांतातील निदान एक तृतीयांश माणसे मेली. त्यानेच १७७२ मध्ये आपल्या लंडनच्या संचालकांना कळवले की, १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही अधिक भरली! जे मेले किंवा पळून गेले, त्यांचा सारा मागे उरलेल्या शेजाऱ्यांवर बसवला होता. जमेची बाजू कोठेही कोरी राहिली नाही.

यावर तुम्ही म्हणाल, कंपनी परकी होती, लोभी होती. कारभारी देवभीरू असेल तर? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आजचा पाठ निवडला आहे.

योसेफाहून कुशल कारभारी शास्त्रात शोधून सापडणार नाही. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पाचवा हिस्सा गोळा करून कोठारे भरली आणि दुष्काळात मिसर देश जगवला. कंपनीने केले नाही ते त्याने केले. पण सत्तेचाळीसावा अध्याय सावकाश वाचा. धान्यासाठी लोकांनी प्रथम पैसा दिला. तो सरल्यावर गुरेढोरे दिली. पुढच्या वर्षी जमिनी दिल्या, आणि शेवटी स्वतःला दिले. सगळे व्यवहार रीतसर होते आणि सगळे फारोच्या नावे झाले. याजकांच्या जमिनी तेवढ्या वाचल्या. (हे आपण पाळकवर्गाने विसरू नये.)

येथे भाषांतराच्या मेजावरची एक गोष्ट सांगतो. एकविसाव्या वचनात रूढ इब्री संहिता म्हणते की, योसेफाने लोकांना नगरांत नेले. शोमरोनी संहिता आणि प्राचीन ग्रीक भाषांतर मात्र म्हणते की, त्याने त्यांना दास केले. इब्रीतील 'रेश' आणि 'दालेथ' ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की, लेखनिकाची नजर चुकणे सहज शक्य आहे. या वचनापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. कोणता पाठ मूळचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण पंचविसाव्या वचनात लोक स्वतःच कृतज्ञतेने फारोचे दास होण्यास तयार होतात, याबद्दल कोणत्याही प्रतीत शंका नाही. प्राण वाचवणाऱ्यापुढे त्यांनी हात जोडले. त्यात योसेफाचा लोभ दिसत नाही. त्याने आपल्या धन्याचे हित पाहिले, एवढेच. आणि धनी एकच होता.

पुढे योसेफाची ओळख नसलेला राजा गादीवर आला. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात योसेफाचे भाऊबंद विटा थापून फारोसाठी कोठारांची नगरे बांधताना दिसतात. माणसे ज्याच्या खात्यावर जमा झाली होती, ते खाते वारसाकडे गेले होते.

त्या विटांतून सोडवलेल्या लोकांना परमेश्वराने जे नियमशास्त्र दिले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे. लेवीय २५ मध्ये तो स्पष्ट बजावतो की, जमीन त्याची आहे, म्हणून ती कायमची विकता येत नाही. आणि इस्राएल लोक त्याचे दास आहेत, म्हणून त्यांना गुलाम म्हणून विकता येत नाही. राजा, सरदार, सावकार हे सगळे त्या जमिनीवर उपरे. विकलेले वतन पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परत जायचे. कोणती कंपनी असा ठराव संमत करील?

कंपनीला आपले गिऱ्हाईक निवडता येते. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही, तो तिच्या दारात येतच नाही. राज्याच्या दारात मात्र तोच आधी उभा असतो: विधवा, अनाथ, उपरा, पाऊस चुकलेला शेतकरी. त्याला कामावरून काढता येत नाही आणि तोट्यात लिहून टाकताही येत नाही.

लेवीय १९ मध्ये कापणीचा एक नियम आहे. शेताचा कोपरा शेवटपर्यंत कापू नये, पडलेला सरवा वेचू नये. ते दरिद्री व उपरे यांच्यासाठी असू द्यावे. पिकाच्या हिशेबात ही उघड गळती आहे. बवाजाने ती होऊ दिली, आणि त्याच्या शेतात मवाब देशाची एक विधवा सरवा वेचायला आली. तिचा पणतू दावीद पुढे इस्राएलाचा राजा झाला.