राखून ठेवलेली खुर्ची

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या दुकानांची शटरे खाली आली, की दिवसभर गर्दीने अरुंद वाटणारा रस्ता एकाएकी रुंद होतो. अशा जुन्या पेठेत एखादी खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा दिवस त्या सुमारास सुरू होतो. खोलीत भाऊ झोपलेला, शेजारी दूरचित्रवाणी चाललेली. तेव्हा तो पुस्तके पिशवीत भरून निघतो. शहरात जी. ई. मार्गावर नालंदा परिसर हे वाचनालय २०१८ पासून अहोरात्र उघडे असते. १९६४ मध्ये स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठही या शहरातलेच. रात्री वाचायला निघणारा मुलगा अशा ठिकाणांकडे वळतो तो बहुधा ग्रंथासाठी नव्हे. ग्रंथ त्याच्या पिशवीतच असतो. त्याला हवा असतो दिवा, टेबल आणि शेजारी जागणारे आणखी कोणी.

जुन्या वळणाच्या अभ्यासकांना हे रुचत नाही. ज्या ग्रंथालयात कपाटाला कोणी हात लावत नाही ते ग्रंथालय कसले, असा त्यांचा प्रश्न असतो. मराठीने हा भेद ओळखून 'अभ्यासिका' हा शब्द घडवला आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत तो पाट्यापाट्यांवर दिसू लागला. तथापि आक्षेप फारसा टिकणारा नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिले, ग्रंथ उपयोगासाठी आहेत हे सूत्र विशद करताना त्यांनी ग्रंथालयाच्या वेळा आणि आसने यांचाही विचार केला होता. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात आगीच्या भयाने दिवे लावले जात नसत. १८७९ मध्ये तेथे विजेचा प्रकाश आला, तेव्हाच हिवाळी संध्याकाळ वाचकांच्या वाट्याला आली. दिवा आणि खुर्ची या वाचनाच्या उपाधी नव्हेत, अटी आहेत.

आणि खुर्चीपाशीच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. रात्रीच्या कोणत्याही वाचनकक्षात दोनच्या सुमारास पाहिले, तर काही खुर्च्यांवर माणूस नसतो. पिशवी असते, पाण्याची बाटली असते, नाहीतर नुसताच उघडा ठेवलेला जाडजूड ग्रंथ. मालक खोलीवर झोपलेला असतो. त्याच वेळी दुकानातली नोकरी आटोपून, जेवून, उशिरा आलेला दुसरा कोणी दाराशी उभा असतो. त्याने ती पिशवी उचलून खाली ठेवावी काय?

सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात स्टोइक मत मांडताना नाट्यगृहाचा दृष्टान्त येतो. नाट्यगृह सर्वांचे असले, तरी ज्या जागेवर जो बसला ती जागा त्याची, हे म्हणणे न्याय्यच ठरते. दृष्टान्त सुरेख आहे. परंतु नाट्यगृहात प्रेक्षक जागेवर टोपी ठेवून घरी झोपायला जात नाही. पाणी पिऊन येणाऱ्याची खुर्ची त्याचीच राहते, झोपून येणाऱ्याची राहत नाही, असे सहज म्हणता येईल. मग चहाला गेलेल्याचे काय? चहा घेता घेता तासभर बोलत बसलेल्याचे काय? अर्ध्या तासाचा नियम करता येतो. पण मग त्याचा अंमल रात्रपाळीच्या सेवकाकडे जातो. त्याचे स्वतःचे जागरण कोणत्याही परीक्षेत मोजले जात नाही, आणि विद्यार्थ्यांशी वैर घेण्याइतके बळ त्याच्या वेतनात नसते.

पिशवी ठेवणाऱ्याला दुष्ट ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. जाहिरात निघेल की नाही, निकाल लागेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. वडील गावी विचारत असतात. त्याच्या आयुष्यात त्या खिडकीजवळच्या खुर्चीइतके निश्चित दुसरे काही उरलेले नसते. रोज त्याच जागी बसल्याने चित्त लवकर स्थिरावते, हेही खोटे नाही. त्याचा दावा मालकीचा नसून सवयीचा आहे, आणि सवयीचे हक्क कायद्यापेक्षा चिवट असतात. असे असूनही उभ्या असलेल्याची बाजू अधिक सबळ आहे, कारण त्याची गरज या घटकेची आहे आणि झोपलेल्याची सकाळची. परंतु तो पिशवी हलवत नाही. शेजारचा मान वर करून पाहतो, एवढे पुरते. बोलून हा तंटा दोन मिनिटांत मिटला असता. पण वाचनकक्षात बोलायचे नसते! ज्या शांततेने अभ्यास राखला जातो, तीच शांतता न्यायाच्या आड येते.

जॉन लॉकने १६८९ मध्ये स्वामित्वाला एक अट घातली होती : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. हे 'इतर' कोण? रात्रीच्या वाचनालयात इतर म्हणजे दारापर्यंत पोहोचलेले. जिच्या वसतिगृहाचे फाटक नऊला बंद होते, किंवा जिला रात्री अकराला एकटीने रस्ता ओलांडू देण्यास घर तयार नाही, ती मुलगी या वादात उभीदेखील राहत नाही. तिची खुर्ची कोणी पिशवी ठेवून अडवलेली नाही. म्हणूनच ती अडवलेली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. चोवीस तास उघडे दार ही मोठीच गोष्ट आहे, मात्र दारासमोरचा रस्ताही तितकेच तास उघडा असावा लागतो.

मुंबईत वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. लोक त्याला 'अभ्यास गल्ली' म्हणतात. चाळींतल्या लहान खोल्यांतून आलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या तेथे रस्त्याच्या दिव्याखाली रात्री वाचत आली. दिव्याखाली शिकून मोठे झालेल्यांचे गुणगान करण्याची आपल्या समाजाला हौस आहे. त्या गुणगानात घरात जागा नसल्याची लाज सोयीस्करपणे विरून जाते. पण त्या गल्लीत एक गोष्ट वाचनकक्षाहून सरळ आहे. बाकावर पिशवी ठेवून कोणी घरी झोपायला जात नाही, कारण सकाळी पिशवी सापडेलच याची खात्री नसते. जो बसला त्याची जागा, तो उठेपर्यंत. पाऊस आला की मात्र सगळ्यांनाच उठावे लागते.