खडू, फळा आणि पुसले जाणारे चित्र

वाचनासाठी शास्त्रभाग : यहेज्केल ४:१-८, गलतीकरांस पत्र ३:१, योहान ८:१-११



कावेरीकाठचे कुंभकोणम् हे नगर देवळांसाठी व दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् पर्वासाठी प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. शेजारच्या तंजावरवर १८५५ सालापर्यंत भोसल्यांचे राज्य होते, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच एका मराठी कुटुंबात झाला. भाषांतराच्या कामानिमित्त दक्षिणेत गेलो असता मी तेथे दोन रात्री मुक्काम केला होता.

पहाटे फिरावयास निघालो, तो गल्लीतील दारोदार सडा टाकून स्त्रिया कोलम् काढीत होत्या. आधी ठिपक्यांच्या ओळी मांडावयाच्या, मग चिमटीतून पांढरी पिठी सोडीत त्या ठिपक्यांभोवती रेघ वळवीत न्यावयाची, ती जेथून निघाली तेथे परत येईपर्यंत. एका दारापुढे मी बराच वेळ थांबलो. मला तमिळ येत नाही, म्हणून नुसताच पाहत राहिलो. दुपारी त्याच वाटेने परतलो तेव्हा सायकलींची चाके व माणसांची पावले त्यावरून गेली होती, आणि उरलेल्या पिठीला मुंग्या लागल्या होत्या. त्या घरच्या बाईला त्याचे काही दुःख झालेले दिसले नाही. उद्या पहाटे ती पुन्हा काढणार होती.

त्या उंबऱ्यापुढे मला आमच्या मंडळीतील एक मास्तर आठवले, आणि मी मनात खजील झालो. ते का, हे आज आपणांपुढे कबूल करावयाचे आहे.

ईश्वरविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी नुकताच मंडळीत परतलो होतो. हे मास्तर नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळच्या उपासनेत, मंडळी गीत गात असताना, ते फळ्यावर रंगीत खडूंनी एखादा शास्त्रप्रसंग काढीत. आधी आकाश, मग डोंगर, मग वाट. ती वाट कोणाची, हे शेवटच्या चार रेघांपर्यंत कळत नसे. मागच्या बाकावर डुलक्या घेणारी माणसे त्या दहा मिनिटांत जागी असत. मी मात्र पंचांच्या सभेत निर्गम २०:४ काढून उभा राहिलो. उपासनेत वचन असावे, चित्र नसावे, असे मी ग्रीक व हिब्रू शब्दांसह पटवून दिले. ठराव संमत झाला. मास्तरांनी वाद घातला नाही. खडूंची पेटी उचलून ते घरी गेले आणि त्यानंतर मंदिरात त्यांनी कधी खडू हातात धरला नाही. काही वर्षांनी त्यांच्या अंत्यविधीत वचन वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

वाचकहो, मी जी आज्ञा पुढे केली होती ती पूजेसाठी केलेल्या मूर्तीविषयी आहे. त्याच निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, ते संदेश सांगण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे, पाषाण व लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. निवासमंडपाच्या पडद्यांवर करूब विणलेले होते. हे मला तेव्हाही ठाऊक होते. वादात सोयीचे तेवढेच वचन आठवते, हा आम्हां शिकलेल्यांचा जुना रोग आहे.

यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायात तर देवानेच आपल्या संदेष्ट्याला चित्र काढावयास लावले आहे. खबार नदीकाठी बंदिवासात असलेल्या लोकांसमोर त्याने एक वीट घ्यावी, तिच्यावर यरुशलेम नगर रेखाटावे, आणि मग तिच्याभोवती वेढा मांडून दाखवावा. वीट ही बाबेलची, परक्या मुलखातली, रोज पायाखाली येणारी वस्तू. निप्पूर या प्राचीन नगराचा मातीच्या पाटीवर कोरलेला नकाशा उत्खननात सापडला आहे, त्यावरून असे काम त्या लोकांना नवखे नव्हते असे दिसते. येथे वापरलेले हिब्रू क्रियापद ‘हाकाक’ म्हणजे कोरणे. देवाच्या विधीला जो ‘होक’ शब्द आहे तो याच धातूचा. म्हणजे नियम कोरणे आणि चित्र कोरणे यांना त्या भाषेने एकाच घरात ठेवले आहे. शिवाय चित्र काढून यहेज्केल मोकळा झाला नाही. त्या विटेसमोर त्याला प्रथम ३९० दिवस व नंतर ४० दिवस कुशीवर पडून राहावे लागले. चित्र काढणाऱ्याचा देहही त्या संदेशात ओढला गेला.

गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे पहिले वचन भाषांतरकाराला बराच वेळ अडवून धरते. ख्रिस्त वधस्तंभावर खिळलेला असा त्यांच्या डोळ्यांपुढे मांडला गेला होता, असे पौल म्हणतो, आणि त्यासाठी ‘प्रोग्राफो’ हे क्रियापद योजतो. जाहीर फलक लावणे असा अर्थ काही विद्वान घेतात, काही डोळ्यांपुढे रेखाटणे असा घेतात. ग्रीक भाषेत ‘ग्राफो’ म्हणजे लिहिणेही आणि रेखाटणेही. चित्रकाराला त्या भाषेत ‘झोग्राफोस’ म्हणतात, त्यातही हाच धातू आहे. मी माझ्या मसुद्यात तीनदा शब्द बदलला. परंतु एवढे निश्चित, की पौलाने कानांचा नव्हे, डोळ्यांचा उल्लेख केला आहे. ज्याचे उपदेश आपण केवळ शब्द म्हणून वाचतो, त्याला आपले काम काहीतरी दाखवून देण्याचे वाटत होते.

खडूच्या चित्रांनी सुवार्ता सांगण्याची प्रथा अमेरिकेत फ्रँक बियर्ड (१८४२-१९०५) या व्यंगचित्रकाराने लोकप्रिय केली. तो मेथडिस्ट होता आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना फळा वापरावयास शिकवीत असे. पुढे या प्रकारात संगीत आले, रंगीत दिवे आले, आणि एक विशेष खडूही आला. त्याने काढलेले साध्या उजेडात दिसत नाही. दिवे मालवून अतिनील प्रकाश सोडला की डोंगरामागून वधस्तंभ उजळतो. लोक थक्क होतात. मला स्वतःला या युक्तीची थोडी भीती वाटते. थक्क झालेला मनुष्य टाळी वाजवून घरी जाऊ शकतो. मास्तरांच्या फळ्यापुढे टाळी वाजल्याचे मला आठवत नाही.

आपल्या मंडळीत कोणाला हे काम करावयाचे असेल, तर मास्तरांकडून पाहिलेले सांगतो. आदल्या दिवशी फळ्यावर पुसट रेघांनी मोजमाप करून ठेवावे. मोठ्या जागा खडू आडवा धरून भराव्या, टोकाने नव्हे. लोकांकडे पाठ करून बोलू नये. बोलणे एकाने व काढणे दुसऱ्याने केल्यास उत्तम. दूरचे आधी, जवळचे नंतर, आणि ज्याच्यासाठी सारे चित्र आहे ते सर्वांत शेवटी. प्रभूचा चेहरा मास्तर काढीत नसत. पाठमोरी आकृती किंवा नुसता हात काढीत. हा नियम नव्हे. आमच्याच पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघात राहिलेल्या गोव्याच्या अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी प्रभूला व मरियेला भारतीय रूपात रंगविले, त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु ती चित्रे राहण्यासाठी आहेत. फळ्याचे काम वेगळे आहे.

हा वेगळेपणा मला कुंभकोणम् येथेच उमगला. सारंगपाणि मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गणिती श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांचे घर जतन केले आहे. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते सोडवीत आणि फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून कोपरानेच पुसून टाकीत. दुसऱ्या दिवशी सुमारे ४० किलोमीटरांवरील तंजावरच्या चर्चमध्ये गेलो. तेथे फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी स्मारक आहे. मरणशय्येवरील मिशनरी श्वार्ट्झला भेटावयास शरभोजी राजे आले आहेत, असा तो प्रसंग. शरभोजींनी स्वतः ते करवून घेतले. फार सुंदर काम आहे, आणि श्वार्ट्झला मरून (१७९८) दोन शतके उलटली तरी रेघ हललेली नाही. मी भाषांतरकार, माझा कल संगमरवराकडे. आपला शब्द छापला जावा, टिकावा, पुढच्या आवृत्तीत कोणी बदलू नये, असे मला आतून वाटत असते. मास्तरांचा ठराव मी का आणला, याचे खरे कारण निर्गम २०:४ हे नसून हे होते, अशी मला आज शंका येते. दहा मिनिटांत काढून स्वतःच्या हाताने पुसणारा मनुष्य माझ्या कामाची प्रतिष्ठा कमी करतो, असे मला वाटले असावे.

योहानाच्या आठव्या अध्यायातील तो भाग बहुतेक प्राचीन हस्तलिखितांत नाही, म्हणून अनेक भाषांतरांत तो कंसात छापतात. तरी मंडळीने तो सोडला नाही. प्रभूने काही लिहिल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत एवढाच आहे. ८:६ मधील क्रियापदाचा अर्थ रेखाटणे असाही होतो. ते त्याने बोटाने, जमिनीवर, धुळीत केले. त्यावरून त्या दिवशी कितीतरी पावले गेली असतील, पण त्याचे शब्द किंवा चित्र वाचवावे असे त्याने कोणास सांगितले नाही. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे लक्ष जमिनीवर नव्हते, त्या स्त्रीकडे होते.

परत आल्यावर मी मास्तरांच्या कन्येकडे गेलो आणि झाले ते सांगितले. ठराव कोणी आणला, हे त्यांना ठाऊक होतेच. त्या म्हणाल्या, “बाबा घरी काढीत होते की. शनिवारी रात्री जेवणे झाली की पाटी घेऊन बसायचे. कथा कोणती ते आम्ही ओळखले की लगेच पुसायचे आणि दुसरी सुरू करायचे. आईला पाटीची धूळ आवडत नसे.”

मास्तरांचा फळा मंदिराच्या मागल्या खोलीत तुटक्या खुर्च्यांमागे सापडला. पंचांच्या परवानगीने त्याला काळा रंग दिला आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तरुण संघातील एक मुलगी त्यावर पेत्राची होडी काढणार आहे. तिला माणसांचे हात नीट जमत नाहीत, म्हणून ती लाटा उंच काढते. पुसावयाचे काम तिने मला दिले आहे.